क्योतोच्या बाजारातलं शिरस्त्राण: गंज काढू का?

ओसाकातला_भाडेकरू: क्योतोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या 21 तारखेला जुनापुराणा बाजार भरतो. तिथून परवा एक काबुतो, म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण, उचलून आणलं. विकणारा म्हणाला, एदो काळातलं, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातलं. वरून गंजकट तपकिरी. अस्तर फाटलंय, आणि मानेवरच्या पट्ट्या ज्या रेशमी गोफांनी ओवल्यात, त्यातल्या काळ्या गोफांचा हात लावताच भुगा होतो. गंज घासून तेल लावू? की फसलोय?

जुनं_लोखंड: अहो, घासू नका! तो गंज नसेलही. गंजाच्या रंगाचं रोगण मुद्दाम चढवायचे, त्याला साबी-नुरी म्हणतात. मी माझ्या पहिल्या खरेदीवर तारेचा काथ्या चालवला होता, अजून हळहळतो.

अस्तर फाटलंय ते बरंच झालं. टॉर्च मारून आत बघा. अस्सल टोप सहसा एकसंध पत्र्याचा नसतो. माथ्याकडे निमुळत्या होणाऱ्या पाकळ्या एकीवर एक चढवून रिबिटा मारलेल्या असतात. नामांकित कारागीर 62 पाकळ्यांचे टोपही करत. बाहेरच्या उभ्या धारा म्हणजे पाकळ्यांच्या दुमडलेल्या कडा. आत सांधेच नाहीत आणि पत्रा अंगठ्याने लवतोय, तर ते 5 मेच्या मुलांच्या सणाला घरात मांडायचं शोभेचं समजा.

ओसाकातला_भाडेकरू: सांधे आहेत! 16 पाकळ्या मोजल्या. पण काळेच गोफ का गेले? शेजारचे निळे ठणठणीत आहेत.

जुनं_लोखंड: मग हरकत नाही, अस्सल वाटतंय. काळा रंग बसवायला लोहाचे क्षार वापरत, ते हळूहळू रेशीम खातात. निळीला त्यांची गरज नसते. नवे गोफ ओवू नका. टोप सुती कापडावर उताणा ठेवा, मानेच्या पट्ट्यांचं ओझं गोफांवर लोंबकळू देऊ नका.

सावंतवाडीची_लेक: रोगणाचा टवका उडाला असेल तर आमच्याकडच्या खेळण्यांसारखी लाख लावून चालेल का?

जुनं_लोखंड: नको हो ताई. लाख किड्यांची, उष्णतेने मऊ होते. टोपावरचं जपानी रोगण म्हणजे उरुशी, हा झाडाचा चीक. उन्हात नाही, दमट कपाटात धरतो, आणि एकदा धरला की वितळत नाही. झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं. ओला चीक अंगाला लागला तर तसंच उततं, म्हणून टवक्याला हात लावायचा तो तिथल्या उरुशीच्या कारागिरानेच.