गारठ्यातला फौजी बँड: तुमचेही अनुभव सांगा

मेथांबा:
काल लेकाने शाळेतून ट्रम्पेट आणला. ओठाला लावला आणि ओरडला, "आई, गाऽर!" झालं, कॅनडातल्या क्यूबेकचा विंटर कार्निव्हल आठवला. उणे २२, रात्रीची मिरवणूक, पायाला बोटं आहेत की गेली तेही कळेना. तेवढ्यात तिथल्या फौजेच्या रॉयल २२ व्या रेजिमेंटचा बँड आला. एक गत संपली की सगळे माउथपीस (ओठाला लावायचं टोक) उपसून मुठीत दाबायचे, गार पडू नये म्हणून. एका आजोबांच्या वयाच्या ट्युबावाल्याने तर चक्क काखेत घातला! सुरावटीतलं काही आठवत नाही, ती काख आठवते.

निवृत्त_बाजेवाला:
बरोबर केलं त्याने. मी लेहला होतो. फुंकरीतली वाफ आत गोठते, पिस्टन (सुराची कळ) दाबला की वर येतच नाही. पातळ तेल घालायचं आणि गत नसतानाही आतून नुसती ऊब फुंकत राहायचं. सूर उतरतो तो वेगळाच. लाकडी क्लॅरिनेट तर बाहेर काढायची नाही, तडकते.

पोहेवाली:
बोकडाबद्दल कुणीच कसं बोललं नाही?? त्या रेजिमेंटचा मानाचा बोकड, बतिस! सोनेरी शिंगं, अंगावर झूल. पहिला १९५५ साली राणी एलिझाबेथकडून आला, तेव्हापासून प्रत्येकाचं नाव बतिसच. कार्निव्हलही त्याच वर्षापासून नियमित आहे, तसा पहिला १८९४चा.

खानदेशी_काका:
शिंगांना सोनं 😂 आमच्याकडे त्याचा रविवारच झाला असता.

पोहेवाली:
काका!!

टोरांटोकर:
मला बँड दिसला, ऐकू आला नाही. शेजारच्या कार्ट्याकडे तिथली लांब लाल प्लास्टिकची पिपाणी, अख्खी मिरवणूक कानात. त्याचे बाबा पोकळ काठीत भरलेलं कॅरिबू पीत निवांत. (वाइन + व्हिस्की + मेपल सिरप. आमच्या हिने कफ सिरप म्हणून नाक मुरडलं, नंतर दोन घोट घेतले.)

अनामिक७:
माझं बालपण बेळगावात, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरजवळ. पहाटे सरावाचा ड्रम वाजला की आजी म्हणायची, ऊठ, फौज उठली. थंडी म्हणाल तर स्वेटरपुरती. विषयाला धरून नाही, माफी.

मेथांबा:
अगं लिही की, हेच हवंय!

नवीन_सून:
आम्ही फेब्रुवारीत जातोय, मुलगी ४ वर्षांची. थर्मल इथून न्यावेत की तिकडे घ्यावेत?

टोरांटोकर:
तिकडेच. बूट एक नंबर मोठे घ्या, आत दोन मोजे जातात. मिरवणुकीला कोपऱ्यावर उभ्या राहू नका, वारा

टोरांटोकर:
अर्धवट गेलं, कुकर उतरवत होतो. वारा नदीवरून थेट येतो.