मदत हवी आहे: मेडिक्लेमचं 'येणे' घरच्या जमाखर्चात कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपासून घरचा जमाखर्च ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. त्याआधी वही होती, आणि खरं सांगायचं तर वहीत असं काही अडलं नव्हतं.

फेब्रुवारीत आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मी अंबड एमआयडीसीत नोकरीला, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईचं नाव आहे. पण कॅशलेस ऐनवेळी नामंजूर झालं. हॉस्पिटलचे १,१८,६४० आणि आधीच्या तपासण्यांचे ६,२५० असं सगळं खिशातून भरलं आणि 'औषधोपचार' या खर्चात टाकलं. एप्रिलमध्ये क्लेमचे १,११,४७० खात्यात आले, ते टाकले 'इतर उत्पन्न'मध्ये. झालं! फेब्रुवारीत आम्ही कंगाल, एप्रिलमध्ये श्रीमंत. मध्ये ३१ मार्च गेल्यामुळे दोन्ही आर्थिक वर्षांचे आकडे चुकले ते वेगळंच. बायकोनं आलेख बघून विचारलं, "पगार वाढला, सांगितलं नाहीस?"

आता मालमत्तेखाली 'येणे – मेडिक्लेम' खातं उघडून जुन्या नोंदी तिकडे वळवल्यात. पण विमा कंपनीनं १३,४२० कापलेत. हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे ठीक. पण खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेबाहेर गेलं म्हणून त्या प्रमाणात डॉक्टरांच्या फीलाही कात्री लावली. हे १३,४२० आता कुठे टाकू? आणि डिस्चार्जनंतरची औषधं अजून चालूच होती, ती बिलं याच खात्यात घ्यायची की वेगळ्या?

प्रतिसाद १

सोसायटीचे हिशेब लिहून केस पांढरे केलेत, म्हणून सांगतो. प्रत्येक बिलाला खातं उघडू नका, एका आजारपणाला एक उपखातं पुरे. पैसे आले त्या तारखेला एकच नोंद करा: बँक नावे (डेबिट) १,११,४७०, औषधोपचार नावे १३,४२०, येणे जमा (क्रेडिट) १,२४,८९०. कापलेली रक्कम हाच तुमचा खरा खर्च. क्लेम भरतानाच जे मिळणार नाही हे माहीत असतं (सोबतच्या माणसाचं जेवण, रिक्षा), ते येण्यात घेऊच नका.

नंतरची औषधं त्याच उपखात्यात. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च मिळतो, तुमचा करार बघा. नोंदीत बिल नंबर लिहा. खातं शून्यावर आलं नाही, तर काहीतरी राहिलंय.

मूळ प्रश्नकर्ता

काका, जमलं! पण उपखात्यात नंतरच्या औषधांचे ५,१०० दिसताहेत आणि फाइलमधल्या बिलांची बेरीज ४,३६०. रविवारी अर्धा दिवस ७४० रुपये शोधण्यात गेला. शेवटी ॲक्टिव्हाच्या डिकीत रेनकोटखाली एक कोरा कागद सापडला, उजेडात तिरका धरला तर मेडिकलचं नाव पुसटसं दिसतंय. थर्मल कागद, नाशिकचा एप्रिल, आणखी काय होणार! नोंद मी यूपीआयच्या मेसेजवरून केली होती म्हणून आकडा तरी राहिला.

इंदिरानगरच्या त्या मेडिकलवाल्याला विचारलं. म्हणाला, कॉम्प्युटरमधून काढून देतो, संध्याकाळी या. डिस्चार्जला आज ५४ दिवस झालेत. बाकीची बिलं आल्याबरोबर झेरॉक्स करून ठेवलीत.