शहराचा डीपी (विकास आराखडा) ठरवताना पोरांना कोण विचारतं?

गोदाकाठचा : काल कॉलेज रोडला चहावर विषय निघाला म्हणून टाकतोय. शहराचा डीपी वीसेक वर्षांसाठी असतो, नाशिकचा आत्ताचा २०१७ ला मंजूर झालाय, म्हणजे तेव्हा शाळेत असलेली पोरं आज नोकरीला लागली आणि मैदान कुठे, रस्ता किती मीटरचा हे त्यांच्यासाठी आधीच ठरलंय. हरकती-सूचना मागवतात, पेपरात नोटीस येते, पण ती वाचतं कोण? प्लॉटवाले नि बिल्डर. प्रत्येक प्रभागात १५ ते २५ वयाच्या पोरांची बैठक घ्या, नकाशा समजावून सांगा, आणि सूचनांना लेखी उत्तर द्या. बास.

सिडकोवाले काका : टर्फ आणि कॅफे मागतील, दुसरं काय. घरपट्टी आम्ही भरतो. नगरसेवक व्हायला २१ वय लागतं ते उगाच नाही. आणि शिकून निम्मी पोरं पुण्याला जातात, मग इथलं त्यांनी ठरवायचं?

सातपूरची : काका, घरपट्टी तुम्ही भरता पण रात्री क्लासवरून चालत आम्ही येतो. आमच्याकडे गल्लीच्या टोकाला मस्त बाकडी बसवली, दिवा मात्र नाही, अंधार पडला की तिकडून मुली जातच नाहीत, लांबून वळसा घालतात. हे दहावीतल्या कुठल्याही पोरीने दोन मिनिटांत सांगितलं असतं. आणि पुण्याला का जातात तेही विचारा की एकदा.

मिसळ_विदाउट_तर्री : मी २३ चा, तरी काकांच्या बाजूने, कारण वेगळं. बैठक होईल, टी-शर्ट वाटतील, फोटो काढतील, संपलं. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, मोठ्यांनाच विचारायला माणूस नव्हता तिथे पोरांचं काय घेऊन बसलात! तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी (साधूंच्या मुक्कामाची जागा) झाडं तोडायचं निघालं तेव्हा लोक रस्त्यावर उतरले म्हणून गाजलं. बोलावण्याची वाट बघायचीच कशाला.

गोदाकाठचा : अरे तेच तर म्हणतोय. झाडांवर खुणा झाल्यावर ओरडायचं, म्हणजे निम्मी लढाई हरूनच सुरुवात. नकाशा कच्चा असतानाच बोलवा ना. आणि लेखी उत्तर मागतोय ते या फोटोवाल्यांसाठीच, सूचना का घेतली नाही ते कागदावर आलं की पुढे भांडायला काहीतरी हातात राहतं.

सिडकोवाले काका : दिव्याचं पटलं. टर्फचं नाही. आणि बैठक ठेवलीच तर रविवारी ठेवा, मलाही तो नकाशा कधी कळलेला नाही.