मदत हवी आहे: शाळेच्या ‘लक्ष ठेवण्याच्या’ यादीवर हरकत कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंड्याजवळ राहतो, मुलगी सातवीत आहे. शाळेने संमतीपत्र पाठवलंय. त्यात मुलांच्या बोटांचे ठसे आणि ओळखपत्रात जीपीएस. हरवलेलं मूल सापडावं म्हणून एवढं एकवेळ मान्य. पण खाली एक रकाना आहे: ‘वागणूक – लक्ष ठेवणे आवश्यक: होय/नाही’. तो वर्गशिक्षकांनी भरायचा. पालकसभेत सांगितलं की ही नावं पोलिसांना दिली तर पुढचे गुन्हे टळतील. लगेच कुणीतरी भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांच्या मुलांची नावं घेतली. काहीही न केलेल्या पोरांवर असा शिक्का बसणार, हे मला पटत नाही.

मुलांपर्यंत अमली पदार्थ पोचतील ही धास्ती इतर पालकांसारखी मलाही आहे. पण २०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला निर्दोष मानूनच सुरुवात करतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. इंग्लंडने सगळ्या मुलांची नोंद ठेवणारी ‘कॉन्टॅक्टपॉइंट’ यंत्रणा २००९ मध्ये आणली, तीही मुलांच्या संरक्षणासाठी, आणि २०१० मध्ये बंद केली.

ओळखपत्राला हो आणि ठसे व त्या रकान्याला नाही, अशी अर्धी संमती लेखी देता येते का? गोव्याच्या बालहक्क आयोगाकडे कुणी अर्ज केलाय का? त्यासोबत काय जोडावं लागतं? मुलीला वर्गात त्रास होऊ नये म्हणून चार-पाच पालकांनी मिळून सही केलेली बरी, असं वाटतं. शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचा आहे. जाणकारांनी, विशेषतः वकील मंडळींनी, कृपया लवकर सांगा.