गाडी मधूनच हिसके मारते, पिकअप जातो : अनुभव लिहा

आज कसारा घाटात चढणीला एक गाडी बॉनेट उघडून उभी होती. ती बघून जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर टाकलेलं ओलं फडकं आठवलं. मे महिन्यात इंजिन तापलं की पंपात, पाइपात पेट्रोलची वाफ व्हायची, कार्ब्युरेटर कोरडा पडायचा आणि गाडी हिसके देत थांबायची. पंप गार झाला की पुन्हा चालू. आता पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोल ३-४ बार दाबाने पुढे जातं, त्यामुळे तो आजार जवळपास गेला. पण "मधूनच मिसिंग करते, गॅरेजात नेली की ठणठणीत" ही तक्रार (मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटायचं चुकणं) अजून तशीच आहे.

पार्ट बदलण्याआधी तुम्ही काय बघता ते लिहा. माझ्याकडून सुरुवात : हिसका बसला की चार गोष्टी टिपून ठेवा. इंजिन गार की गरम, गिअर आणि आरपीएम किती, टाकीत इंधन किती, चेक इंजिनचा दिवा स्थिर की लुकलुकता. लुकलुकत असेल तर रेस कमी करा आणि गाडी जास्त पळवू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा डबा) जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते.

चौथा_गिअर
पेट्रोल, चढण, चौथा गिअर, १५०० आरपीएम, पाय दाबला की हिसके... आधी ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला व्होल्टेज देणारी कॉइल. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. कच्ची कॉइल न्यूट्रलला गोड चालते, घाटात मार खाते. म्हणूनच गॅरेजात उभ्या गाडीवर काही सापडत नाही.
नवीन कॉइल आणायच्या आधी अदलाबदल करा. स्कॅनरवर कोड पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरला मिसिंग) असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, त्याच चढणीला न्या. पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर आता प्लगची अदलाबदल करून बघा, मग इंजेक्टरची (पेट्रोल फवारणारा). एका वेळी एकच वस्तू हलवायची! दोन हलवल्या की काहीच कळत नाही.

गॅसवाला
सीएनजीवाल्यांनी पहिली गोष्ट : हिसके बसत असताना पेट्रोलवर टाका. थांबले तर गॅसच्या बाजूला शोधा, म्हणजे लो-प्रेशर फिल्टर, रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा), गॅस इंजेक्टर. दोन्हीवर बसतात तर प्लग-कॉइल. पण गॅसला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे कच्चा प्लग आधी फक्त गॅसवर बोंबलतो, हे लक्षात ठेवून फिल्टरसोबत प्लगही काढून बघा. प्लगची फट मोजायला गॅप गेज वापरा, अंदाज नको. बऱ्याच गाड्यांना ०.७ ते ०.८ मिमी ठेवतात, तरी पुस्तिकेतला आकडा अंतिम.

सह्यकडा
कसाऱ्याला धुकं होतं का? शनिवारी निघायचंय.

धागाकर्ता
@सह्यकडा वरच्या वळणांवर होतं. फॉग लॅम्प तपासून निघा.

काटा_बघा
एक फुकटची खूण. गाडी गिअरमध्ये पळत असताना पॉवर गेली आणि आरपीएमचा काटा तडक शून्यावर आला = क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) किंवा त्याची वायर. चाकं इंजिनला फिरवतायत, तरी काटा शून्य, म्हणजे सिग्नलच तुटला. काटा चाकांबरोबर नीट उतरतोय पण ओढ नाही = बहुतेक इंधन किंवा हवा. क्रँक सेन्सर पुष्कळदा गरम झाल्यावरच दगा देतो, अर्ध्या तासाने गाडी मुकाट चालू होते.

डिझेल_मामा
डिझेलवाले कुठे गेले सगळे?
१) फिल्टरच्या तळाचं पाणी काढा. पावसाळ्यात तर नक्की.
२) टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा रबरी होज हाताने चाचपा, क्लिपजवळ खालच्या बाजूने. तेलकट डाग, रेस देताना फुस्स आवाज, मागे काळा धूर... फाटलाय. बारीक चीर दाब आला की उघडते, एरवी दिसतही नाही.
३) ३००० च्या वर जात नाही, चावी बंद-चालू केली की बरी होते : तो लिंप मोड, म्हणजे गाडीचा कंप्युटर स्वतःच ताकद कमी करतो. चावी फिरवायच्या आधी कोड वाचा, फ्रीझ फ्रेमसकट (कोड पडला त्या क्षणाची नोंद).
४) इंजेक्टरचा संशय असेल तर इंजेक्टरचे रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल परत नेणारे) काढून चार सारख्या बाटल्या लावा, ३-४ मिनिटं आयडल (रेस न देता). एकीत इतरांच्या दुप्पट डिझेल आलं तर तो इंजेक्टर गळतोय, रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी नळी) दाब टिकत नाही. पिझो इंजेक्टर असतील तर हे करू नका, त्यांना रिटर्नमध्ये दाब लागतो. आणि हाय-प्रेशर पाइप चालू इंजिनवर कधीच सैल करू नका, १६०० बारची धार कातडीत घुसते.

रानवारा
मामा, बीएस६ ला डीपीएफपण (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) लिहा. रोजचं तीन-चार किलोमीटर चालवणं, काजळी जळतच नाही.

डिझेल_मामा
@रानवारा बरोबर. दिवा लागला की हायवेला सलग १५-२० मिनिटं, एक गिअर खाली ठेवून. टाकी रिझर्व्हला असेल तर बऱ्याच गाड्या रीजन (काजळी जाळणं) सुरूच करत नाहीत, म्हणून आधी डिझेल भरा.

मस्कतहून
ब्लूटूथ स्कॅनर घेतला असेल तर नुसते कोड वाचू नका, फ्युएल ट्रिम (कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो) बघा. आयडलला +१५ आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य = कुठून तरी हवा शिरतेय (इनटेक गॅस्केट, किंवा पीसीव्हीचा म्हणजे इंजिनातली वाफ परत आत नेणारा पाइप). उलट, लोडवर वाढत जातेय = पेट्रोल कमी पडतंय. मग प्रेशर गेज लावून, पंप गरम झाल्यावर मोजा. गार पंप चांगलाच आकडा दाखवतो.

मोगरा
आमच्या सोसायटीत उंदरांनी दोन गाड्यांच्या वायरी कुरतडल्यात 😟

चौथा_गिअर
@मोगरा अरेरे. कॉइल आणि इंजेक्टरच्या कनेक्टरजवळ वायरींवरची नळी वर करून बघा, अर्धवट कुरतडलेली वायर खड्ड्यातच तुटते-जुळते. आयडलला ठेवून वायरिंग हळूच हलवा, जिथे इंजिन अडखळेल तिथे हात थांबवा. इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून बाही लांब. नुसती टेप गुंडाळू नका, डाख देऊन श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) घाला.

ओलेती
पेट्रोल भरल्यावर लगेच हिसके सुरू झाले असतील तर काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढून तासभर स्थिर ठेवा, आगीपासून दूर. खाली वेगळा थर दिसला तर पाणी. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मधलं इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, मर्यादा संपली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही तळाला बसतात, आणि पंप तळाचंच ओढतो. अशी टाकी रिकामी करूनच साफ करावी लागते.

पाटा_स्प्रिंग
सगळे हिसके इंजिनचे नसतात हो. फक्त गाडी उचलताना थरथर = क्लच प्लेट किंवा माउंटिंग. ४०-६० च्या वेगाला रेस दिल्यावर डावी-उजवी थरथर, पाय काढला की बंद = ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) आतला जॉइंट. यात कोड येत नाही, लोक उगाच कॉइल बदलत बसतात.

सह्यकडा
@पाटा_स्प्रिंग हेच होतंय! ५० ला थरथरते. शनिवारी जाऊ का?

पाटा_स्प्रिंग
@सह्यकडा आधी जॅकवर घेऊन आतल्या जॉइंटचं रबरी बूट बघा. फाटून ग्रीस उडालेलं असेल तर घाट नको.