वाचकांचे प्रश्न नोंदवायला कोणतं सॉफ्टवेअर वापरता?

तालुका_ग्रंथपाल
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ‘ब’ वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकांची देवघेव कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरवर सुरळीत चालते, तिची तक्रार नाही. अडतंय ते प्रश्नांपाशी. कुणी काउंटरवर विचारतं, कुणी फोनवर, आणि मुंबईचे चाकरमानी थेट व्हॉट्सॲपवर. ‘आमच्या गावच्या खोतीची माहिती कुठे मिळेल?’ हा प्रश्न तर गणपतीत ठरलेला! मग १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरपासून १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यापर्यंत सगळं टेबलावर येतं. कुठल्या पानावर काय सापडलं ते मी रजिस्टरच्या समासात लिहून ठेवतो. मी रजेवर असलो की लिपिक मॅडमना ते सापडत नाही, त्या पुन्हा पहिल्यापासून शोधतात. शिवाय ‘अमुक कादंबरी मागवा’ या मागण्याही त्याच रजिस्टरात. फुकट किंवा स्वस्तातलं काही सुचवाल का?

कॉलेज_लायब्ररी_सांगली
सर, कोहा आहे म्हणजे मागण्यांचं काम झालंच. त्यात खरेदी-सूचनांची सोय आहे. वाचक ओपॅकवरून, म्हणजे ऑनलाइन ग्रंथसूचीवरून, सूचना टाकतो, आपण मान्य, नामंजूर, मागवलं अशी तिची स्थिती बदलत जायची, वाचकाला ईमेल जातो. सेटिंगमध्ये सुरू आहे का तेवढं बघा. संदर्भप्रश्न मात्र तिथे कोंबू नका. तो फॉर्म पुस्तकाचं नाव मागतो, खोतीच्या प्रश्नाला कुठलं नाव देणार?

पीएचपीवाला
प्रश्नांसाठी ओएसटिकेट बघा, आलेले प्रश्न नोंदवून त्यांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर. मुक्तस्रोत आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएल असलेल्या साध्या होस्टिंगवरही बसतं. वाचनालयाच्या पत्त्यावर आलेल्या ईमेलचं तिकीट, म्हणजे त्या प्रश्नाची स्वतंत्र नोंद, होतं, फोनवरचा प्रश्न मॅडम स्वतः टाकतील. समासातला मजकूर ‘इंटर्नल नोट’मध्ये लिहा, ती वाचकाला दिसत नाही. आणि पक्कं झालेलं उत्तर नॉलेजबेसमध्ये, म्हणजे त्यातल्या तयार उत्तरांच्या संग्रहात, टाका, पुढच्या गणपतीत नुसती लिंक पाठवायची. व्हॉट्सॲप त्याला आपसूक जोडलेलं नाही, तो मजकूर हाताने चिकटवावा लागेल.

न्यूजर्सीकर
इकडे आमच्या सार्वजनिक वाचनालयात याच कामासाठी स्प्रिंगशेअर कंपनीचं लिबआन्सर्स आहे. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेचं तसंच सॉफ्टवेअर क्वेश्चनपॉइंटसुद्धा २०१९ मध्ये त्यांच्याकडेच गेलं. सोयी भरपूर, पण वार्षिक वर्गणी अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाने भरावी असं मी सांगणार नाही. एक गोष्ट मात्र उचला: रीड स्केल. किती मेहनत पडली त्यावर प्रत्येक प्रश्नाला १ ते ६ आकडा द्यायचा. ‘वाचनालय किती वाजता उघडतं’ला १, तुमच्या खोतीला ४ किंवा ५. नुसत्या प्रश्नसंख्येवरून कार्यकारी मंडळाला तुमचं काम कळत नाही, या आकड्यांवरून थोडंफार कळतं. आणि उत्तर सगळ्यांसाठी खुलं करताना विचारणाऱ्याचं नाव-गाव काढा. खोतीच्या प्रश्नामागे बरेचदा भाऊबंदकी असते!

तालुका_ग्रंथपाल
भाऊबंदकीचं अगदी खरं! सांगलीच्या मॅडम, कोहातल्या खरेदी-सूचना बंदच होत्या, आता सुरू केल्यात. पीएचपीवाले, एक शंका. मी ‘गॅझेटियर’ लिहितो, लिपिक मॅडम ‘गॅझेटीअर’. शोधताना दोन्ही सापडतील का?

पीएचपीवाला
नाही सापडणार. म्हणून ‘हेल्प टॉपिक’, म्हणजे प्रश्नांचे विषय, आधीच ठरवून घ्या: खोती-जमीन, कुलवृत्तांत, जुनी वर्तमानपत्रं, शासन निर्णय. तिकीट टाकतानाच यादीतून निवडायचं. यादी आठ-दहाच्या वर नेऊ नका, नाहीतर कंटाळून सगळे ‘इतर’ निवडतात.