गोळी चालू आहे तरी बीपी १५०/९६, नवरा तेच जेवतो त्याचं नॉर्मल. मदत हवी आहे

आंबोशी: मीठ कमी केलंय, तरी रोज सकाळी हेच. नवरा माझ्या दुप्पट खारा बांगडा खातो, त्याचं १२०/७८. दादाचं माझ्यासारखंच. बाबा पक्षाघाताने गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयातून मीठ बाहेर टाकणारं हार्मोन सुटतं आणि ते कमी-जास्त असणं घराण्यातून येतं. हृदय म्हणजे काय ग्रंथी आहे का? याची तपासणी होते का? लवकर सांगा, सोमवारी परत दाखवायचंय.

खाडीकाठ: वय? गोळी कुठली? मशीन दंडाचं की मनगटाचं? आणि 'कमी केलंय' म्हणजे नक्की काय केलंय?

आंबोशी: ४२. मशीन मनगटाचं. आमटी-भाजीत निम्मंच मीठ घालते.

तारकर्लीवारा: सैंधव सुरू करा. माझ्या आईचं महिन्यात उतरलं.

खाडीकाठ: सैंधव पण सोडियम क्लोराइडच हो. आईची गोळी पण त्याच महिन्यात बदलली होती का, ते सांगा.

तारकर्लीवारा: बदलली होती, पण फरक सैंधवानेच पडला.

रक्ततपासनीस: ताई, डॉक्टर बरोबर बोलले. १९८१ साली कॅनडात द बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर लघवीतून मीठ-पाणी भराभर बाहेर पडलं. तेच हे हार्मोन, एएनपी. रक्त वाढून कप्पा ताणला की ते सुटतं, मूत्रपिंडाला मीठ सोडायला लावतं, रक्तवाहिन्या सैल करतं. त्याचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. तिथला एक बारीक फरक ज्यांच्यात असतो, त्यांच्या रक्तात एएनपी जास्त आणि बीपी सरासरीने थोडं कमी आढळतं. पण बीपी असल्या शेकडो छोट्या फरकांवर ठरतं. म्हणून एकाच ताटातलं मीठ नवऱ्याला पचतं, तुम्हाला बाधतं. लॅबमधली बीएनपी (एएनपीचंच भावंड असलेलं हृदयाचं हार्मोन) तपासणी हृदय कमजोर झालंय का ते बघायला असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही, पैसे घालवू नका.

मिठागरवाला: शिरोड्याच्या मिठागरावर १९३० ला सत्याग्रह झाला, ती आमची माती. त्या खडेमिठाची चव पाकिटातल्याला नाही.

बांगडो: खारो बांगडो अगदीच सोडू नको गो. रात्री पाण्यात भिजत घाल, दोनदा पाणी बदल, मगे भाज. मीठ बराच उतारता.

सुकट_सोडे: कमी सोडियमचं मीठ आणा ना, दुकानात मिळतं.

रक्ततपासनीस: थांबा! त्यात पोटॅशियम असतं. ताई, गोळीचं नाव अजून सांगितलं नाहीत.

आंबोशी: टेल्मिसार्टन ४०.

रक्ततपासनीस: मग ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. या गोळीनेही पोटॅशियम वाढतं.

खाडीकाठ: आमटी सोडून दिवसभरात काय काय खाता?

आंबोशी: नेहमीचंच. दुपारी सोलकढी, पेजेबरोबर मिठातली कैरी, संध्याकाळी पापड.

खाडीकाठ: सोलकढी आगळाची? आगळ म्हणजे कोकमाचा रस, तो मिठावरच टिकतो. कैरी तर बरणीत मिठाच्या पाण्यातच बुडालेली. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, त्याच्या आत राहायचं असतं. तुमचा चमचा आमटीच्या आधीच भरतोय.

आंबोशी: आत्ता आगळाची बाटली उघडून बोट लावून चाखलं. जीभ आखडली. रोज अर्धी वाटी घालते मी. शेजारच्या काकूंकडून दंडाचं मशीन आणलं, पाच मिनिटं बसून मोजलं, १४४/९२. उद्यापासून अमसुलं भिजवून कढी करते, कैरीची बरणी दादाकडेही आहे, त्यालाही फोन करते.

मिठागरवाला: अमसुलांना पण मिठाचाच हात असतो बरं. धुऊन घ्या.